वनमाला मॅडम आणि माना कॅम्पची साक्ष

मास्तरांच्या प्रशिक्षणाबद्दल माझं मत काही फार चांगलं नव्हतं. डोंगरगढला आम्हाला शिकवणारे गुरुजी प्रशिक्षणाहून परत आले की दोन दिवस आमच्याशी 'बेटा' म्हणून बोलायचे आणि तिसऱ्या दिवशी छडी काढायचे. त्या दोन दिवसांत आम्ही वर्षभराच्या खोड्या उरकून घ्यायचो. पुढे मी स्वतःच मास्तर झालो आणि रायपूरला, सिलतरा रस्त्यावरच्या एका खाजगी शाळेत सामाजिक विज्ञान शिकवू लागलो. त्या भागात कारखान्यांची काजळी एवढी, की पांढरा शर्ट घालून गेलेला मास्तर चौथ्या तासाला राखाडी होतो. अशा शाळेच्या प्राचार्यांनी मला शनिवारच्या प्रशिक्षणाला जायला सांगितलं, तेव्हा मी एवढंच विचारलं की जेवायला काय आहे. ते म्हणाले, "पूड़ी-सब्जी।" मी गेलो.

ही २०१०च्या ऑक्टोबरातली गोष्ट. पुरानी बस्तीतल्या एका शाळेचा हॉल, आम्ही चौदा मास्तर-मास्तरणी, आणि फळ्यावर विषय: 'नरसंहार कैसे पढ़ाएँ'. शेजारच्या मास्तरांनी चष्म्यावरून फळा वाचला आणि मला हळूच विचारलं, "ये अपने कोर्स में है क्या?"

मी म्हटलं, नववीत जर्मनीचा धडा आहे न.

"अच्छा वो! वो तो मैं एक पीरियड में निपटा देता हूँ।"

तेवढ्यात बाई आल्या. ठेंगणी अंगकाठी, सुती साडी, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा आणि हातात हेल्मेट, ते भाजीच्या पिशवीसारखं लटकवलेलं. वनमाला मांडवगडे. शिक्षक प्रशिक्षणाच्या सरकारी संस्थेत व्याख्यात्या होत्या, पण हा वर्ग त्या सहा-सात वर्षं स्वतःच्या हौसेने, शनिवारी, जमतील तेवढे मास्तर गोळा करून घेत. वर्गात त्या हिंदीतच बोलायच्या, मी इथे आपल्या भाषेत सांगतो.

त्यांनी विचारलं, जर्मनीत किती ज्यू मारले गेले? आम्ही सगळे एका सुरात ओरडलो, साठ लाख. त्यांनी फळ्यावर लिहिलं. मग विचारलं, एकाहत्तर साली पूर्व पाकिस्तानात? इथे सूर फाटला. कुणी तीन लाख म्हणालं, कुणी तीस. बाईंनी दोन्ही आकडे लिहिले, खडू ठेवला आणि म्हणाल्या, "आता ह्यातल्या एकाचं नाव सांगा."

शेवटी एक पिंटू सर म्हणून होते, त्यांनी धीर केला. "हिटलर!"

"तो मारणारा होता, सर."

कुणीच हसलं नाही. बाईंनी पण त्यांना टोमणा मारला नाही. एवढंच म्हणाल्या की मारणाऱ्याचं नाव सगळ्यांना पाठ आहे आणि मारल्या गेलेल्या किंवा वाचलेल्या एकाचंही आपल्याला माहीत नाही, तर आपण शिकवतो ते नक्की कुणाबद्दल? मग त्यांनी प्रत्येकाच्या हातात चार कागद दिले. वर नाव होतं चारुबाला मंडल, पत्ता माना कॅम्प, पूर्व बंगालातल्या निर्वासितांची वसाहत. म्हणजे विमानतळापलीकडे, आमच्या हॉलपासून बारा-तेरा किलोमीटर.

ती चार पानं अशी होती. पहिलं पूर्ण पान खुलना जिल्ह्यातल्या नदीकाठच्या घराचं: वाळवणं, पाळलेली हंस-बदकं, गणितात नापास होणारा भाऊ. दुसरं पान गाव सोडून चालत जाण्याचं. तिसऱ्यावर फक्त आठ ओळी, नावेची वाट बघत थांबलेल्या लोकांवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या त्या सकाळच्या. चारू तेव्हा तेरा वर्षांची होती. तिची आई आणि भाऊ त्या काठावरच राहिले. चौथं पान माना कॅम्पचं.

बाईंची शिकवायची रीत ह्या पानांवरून ठरलेली. पहिल्या पानाला दोन तास द्यायचे. घाई करायची नाही. तिसरं पान वाचलं की चौथं त्याच तासात वाचायचं. "पोरांना नदीकाठी सोडून घंटा वाजू द्यायची नाही," त्या म्हणाल्या. हे मी लिहून घेतलं, कारण हे जेवणाआधी होतं. जेवणानंतरचा तास 'काय करू नये' ह्याचा होता. पुड्या मी नऊ खाल्ल्या होत्या. त्या तासातलं मला काहीही आठवत नाही.

तरी त्या दिवसापासून मी बाईंच्या मागे लागलो हे खरं. एकतर रायपूरला माझ्याशी मराठी बोलणारं कोणी नव्हतं. माझ्या पिढीचे मराठी पोट्टे घरात मराठी ऐकतात आणि उत्तर हिंदीत देतात. बाई मात्र वर्गाबाहेर आल्या की सरळ आमच्या बोलीत यायच्या. त्यांच्या घरी चहाला जाऊ लागलो. यजमान श्यामकांतराव रेल्वेतून निवृत्त झालेले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं, "आमच्या हिचं माहेर भंडारा वगैरे कोणी सांगन तर ऐकू नको. हिचं माहेर माना कॅम्प."

त्यात तथ्य होतं. बाईंचे वडील यशवंतराव हे कॅम्पच्या दवाखान्यात कंपाउंडर. एकाहत्तर साली कॅम्पात माणूस मावत नव्हता. नऊ वर्षांची वनमाला वडिलांचा डबा घेऊन जायची आणि परत यायचं नाव घ्यायची नाही. दवाखान्याच्या पायरीवर एक मुलगी रोज बसलेली असायची. तीन महिने ती कुणाशी एक शब्द बोलली नव्हती. तिचे काका चौसष्टपासून कॅम्पात होते, आत्या तिला त्यांच्याकडे घेऊन आली होती. डॉक्टरांनी सांगून पाहिलं, आत्याने रडून पाहिलं, काही नाही. वनमाला मात्र तिच्यासमोर बिल्लस खेळत राहायची, एका पायावर, घर मोजत, कॅम्पातल्या पोरांकडून ऐकलेल्या बंगालीत: एक, दुई, चार.

"तिन," पायरीवरून आवाज आला.

"तिले माहं चुकलेलं सहन नाही झालं रे," बाई सांगताना हसायच्या. "मास्तरीण तीच व्हायला पाह्यजे होती."

ती चारुबाला. दोघींची मैत्री तेव्हापासूनची. तरी नदीकाठी काय झालं हे विचारायला बाईंना बत्तीस वर्षं लागली. २००३ साली, नवं राज्य होऊन तीन वर्षं झाली होती, नवी पाठ्यपुस्तकं निघत होती, तेव्हा त्यांनी चारुबालांना विचारलं, की तुझी गोष्ट मी मास्तरांना देऊ का. चारुबाला एक दुपार बोलल्या. बाईंनी लिहून घेतलं. ती चार पानं.

आणि ती चार पानं मी काय केली, ते आता सांगतो.

आमच्या शाळेत दर जानेवारीत वार्षिकोत्सव आणि वार्षिकोत्सवात झांकी, म्हणजे देखावा. झांकीशिवाय आमच्याकडे कुठलीही गोष्ट पूर्ण झाली असं समजत नाहीत. आदल्या वर्षी थर्मोकोलचा पोलाद कारखाना केला होता, चिमणीतून उदबत्तीचा धूर काढला होता, आणि मागे खऱ्या चिमण्या धूर ओकत होत्या. प्राचार्यांना ह्या वर्षी काहीतरी 'गंभीर' हवं होतं. मी हात वर केला. आठवीची पोरं निवडली. निळ्या प्लास्टिकची नदी केली, एनसीसीचे खाकी कपडे आणले, लाकडी बंदुका रंगवल्या आणि रक्तासाठी एक मोठी बाटली आलता. आठवीतली इंदू वर्मा आई झाली, तिने फक्त पडून राहायचं. तालमीला ती इतकी चांगली पडायची, की मी तिची पाठ थोपटली.

मग माझ्या डोक्यात आलं, की चारुबालांनाच मुख्य पाहुण्या म्हणून बोलवावं. शाल, श्रीफळ, हार. बाईंचं नाव सांगून फोन केला. त्या बिचाऱ्या हो म्हणाल्या. बाईंना मी मुद्दामच सांगितलं नाही. त्यांना नंतर कळून आनंद व्हावा अशी माझी योजना.

चारुबाला आल्या. पन्नाशीच्या नुकत्या पुढे, पण केस सगळे पांढरे, अंगावर घडीची सुती साडी. पहिल्या रांगेत सोफ्यावर बसवलं, शाल पांघरली, नारळ दिला. प्राचार्य माइकवर दहा मिनिटं बोलले. मग पडदा. लाऊडस्पीकरवर वाद्यांचा गोंगाट, खाकीतली पोरं आली, बंदुका रोखल्या, फटाक्यांचा आवाज आम्ही कॅसेटवर घेतला होता. इंदू पडली. पालकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या चालू असतानाच चारुबाला उठल्या. मला वाटलं, भारावल्या. त्या मंचावर गेल्या, निळं प्लास्टिक ओलांडून इंदूजवळ वाकल्या आणि म्हणाल्या, "उठो। उठो माँ, माटी लगेगा।" तिला हाताला धरून उठवलं. फ्रॉकची धूळ झटकली. आलता त्यांच्या बोटांना लागला, तो त्यांनी पदराला पुसला. मग पायऱ्या उतरून सरळ फाटकाबाहेर गेल्या. शाल सोफ्यावर होती. लाऊडस्पीकर बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

सोमवारी मधल्या सुट्टीत बाईंची स्कूटी शाळेत आली. मी शिव्या खायची तयारी करून बसलो होतो. त्या समोर बसल्या आणि विचारलं, "तू तवा दुपारच्या तासाले झोपला होता न?"

"हव, मॅडम."

"मले दिसलं होतं. म्हटलं, लेकरू थकलं असन, झोपू द्या. उठवलं नाही." मग चष्मा पुसत म्हणाल्या, "म्हणजे ही चूक अर्धी माही."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्यांनी बाकीचं सांगितलं. आदल्या रात्री चारुबालांचा फोन आला होता, एकच वाक्य: "वो चार पन्ना अब मत पढ़ाना।" आणि आदल्याच आठवड्यात बाईंच्या टेबलावर एक आदेश येऊन पडला होता. ज्याच्यासाठी त्यांनी सात वर्षं अर्ज लिहिले, ते मंजूर झालं होतं. राज्यातल्या अठराही जिल्ह्यांतून दोन-दोन मास्तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात रायपूरला येणार, बाईंकडून शिकणार आणि आपापल्या जिल्ह्यात जाऊन शिकवणार.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय. तिची परवानगी नाही तर पानं नाही. पानं नाही तर मी त्या छत्तीस लोकांले काय शिकवू? साठ लाख?"

बाईंच्या संस्थेच्या साहेबांकडे मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच अडचण कळत नव्हती. "मॅडम, नाम बदल दीजिए। चारुबाला का चंपा कर दीजिए। किसको पता चलेगा?"

"तिले पता चलेल," बाई माझ्याकडे वळून मराठीत पुटपुटल्या, आणि साहेबांना हिंदीत म्हणाल्या की नाव बदललं तर ती गोष्ट होते, साक्ष राहत नाही. फेब्रुवारीच्या अखेरपर्यंत परवानगी मिळाली नाही तर प्रशिक्षण रद्द करा, असं त्यांनी तिथल्या तिथे लिहून दिलं. सही करताना त्यांचा हात अजिबात थांबला नाही. बाहेर येऊन मात्र स्कूटीची किल्ली तीनदा चुकीची लावली.

"रविवारी आठ वाजता ये," त्या म्हणाल्या. "आणि नवा शर्ट घालून येऊ नको, जावाई नाही तू."

माना रस्त्यावर तेव्हा नव्या राजधानीसाठी मुरूम वाहणाऱ्या डंपरांची रांग असायची. बाई वीसच्या वर स्कूटी नेत नसत. मागे डंपर भोंगा वाजवायचा आणि बाई शांतपणे मला कॅम्पचा भूगोल सांगायच्या: इथे तंबू होते, इथे नळ, इथे मी पडली होती. माफी कशी मागायची ह्याची मी मागे बसून मनात तालीम करायचो.

पहिल्या रविवारी तालीम वाया गेली. चारुबालांनी दार उघडलं, बाईंना "आओ" म्हणाल्या, मला काहीच नाही. अंगणात रखियाचे, म्हणजे आपल्या कोहळ्याचे, ढीग. त्या बरी घालून विकायच्या. उडदाच्या डाळीत किसलेला कोहळा फेटून कपड्यावर सांडगे घालतात तशी. ही बरी छत्तीसगढी लोकांची आणि बंगाल्यांचीही, त्यामुळे मानात तिला गिऱ्हाइकाचा तोटा नाही. दोघी तासभर बऱ्या घालत बोलल्या, उडदाबद्दल. मी खाटेच्या कडेला बसलो. मी "माफ़ कीजिए" म्हणालो, तेव्हा त्यांनी माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. तेवढंच.

दुसऱ्या रविवारी माझ्या हातात किसणी आली. "मास्टर, घिसो।" मी अकरा कोहळे किसले. दंड असे भरून आले की सोमवारी फळ्यावर तारीख लिहिता येईना. बाईंनी एकदाही विषय काढला नाही. परतताना मी चिडलो. "मॅडम, दिवस जाऊन राहिले. तुम्ही विचारत काहून नाही?"

"तिले दुखते रे. मी चाळीस वर्सं तिले दुखू नाही दिलं. आता काय माह्या प्रशिक्षणासाठी दुखवू?"

त्या आठवड्यात इंदू वर्मा माझ्याकडे आली. झांकीनंतर ती वर्गात जरा गप्पच होती. मला वाटलं, तालमीत केलेली मेहनत फुकट गेली म्हणून. ती टेबलाशी उभी राहिली, वेणीचं टोक पिळत म्हणाली, "सर, मोला त ओ दादी ह उठा दिस। ओकर दाई ला कोन उठाइस?"

मला तर त्या आजीने उठवलं. त्यांच्या आईला कोणी उठवलं?

मी चार पानं काढून पुन्हा वाचली. तिसऱ्या पानावरच्या आठ ओळी तीनदा वाचल्या. त्यात नव्हतं. मी इंदूला म्हटलं, मला माहीत नाही. मास्तर झाल्यापासून हे वाक्य मी पहिल्यांदा बोललो.

तिसरा रविवार म्हणजे फेब्रुवारीचा शेवटचा. स्कूटीवर मी बाईंना काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मला डंपरखाली ढकललं असतं. चारुबाला कपड्यावर बऱ्या घालत होत्या, बाई समोर. मी किसणी खाली ठेवली आणि बोलून टाकलं. मंचावर ज्या मुलीला तुम्ही उठवलं, तिने एक विचारलंय, तुमच्या आईला कोणी उठवलं.

बाईंचा हात डाळीत थांबला. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, की मी सिलतरापर्यंत पायी जायची मनाची तयारी केली.

चारुबालांनी हातातली बरी कपड्यावर ठेवली. तिच्या शेजारी आणखी एक ठेवली. मग म्हणाल्या, "किसी ने नहीं।"

रस्त्यावरून एक डंपर गेला.

"हम गया था। हाथ पकड़ा, खींचा। माँ भारी था, हम छोटा था। पिशी चिल्लाया, नाव आ गया, नाव आ गया।" पिशी म्हणजे ती आत्या. "पिशी हमको खींच के ले गया। हम माँ को माटी में छोड़ के आया।"

बाई रडत होत्या, आवाज न करता, डाळीने भरलेले हात हवेत तसेच धरून. "चारू, हे तू मले कधीच नाही सांगितलं," त्या म्हणाल्या. मराठीतच म्हणाल्या. चारुबालांना चाळीस वर्षांत तेवढी मराठी कळू लागली होती.

"तुम पूछा नहीं।" चारुबाला शांतपणे म्हणाल्या. "तुम बोला, जितना मन है उतना बोलो। हम बोला। तुम सिर नीचे करके लिखता रहा। एक बार भी नहीं पूछा, फिर क्या हुआ। तुम डरता था, हमको दुख होगा। दुख तो है ही, माला। पूछने से नया नहीं आता।"

वनमाला मॅडमनी अनेक मास्तरांना शिकवलं होतं, पण त्या दिवशी त्यांना शिकवणारं कोणीतरी भेटलं. त्यांनी डोळे पुसायला हात वर नेले आणि डाळ चष्म्याला लागली. चारुबाला उठल्या, चष्मा काढून घेतला, धुऊन आणला. मग माझ्याकडे वळून पहिल्यांदाच सरळ बोलल्या, "बच्ची का नाम क्या है?"

"इंदू."

"लाओ उसको।"

मी दुसऱ्याच दिवशी तिच्या घरी गेलो. इंदूचे वडील कारखान्यात पाळीवर होते, आईला मी सगळं सांगितलं, मी काय घोळ घातला तेही. त्याच दिवशी ती इंदूला घेऊन आमच्याबरोबर मानाला आली. तिथे चारुबालांनी मला आणि वनमाला मॅडमना पिशवी देऊन बाजारात पाठवलं, उडीद आणायला. घरात उडीद भरपूर होता, मी डबा पाहिला होता. आम्ही तासभर मानाच्या बाजारात उगाच फिरलो. परत आलो तर इंदू आणि चारुबाला अंगणात शेजारी बसून बऱ्या घालत होत्या, आणि इंदूची आई आत चहा करत होती. त्या तासात काय बोलणं झालं, ते मी इंदूला विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. एवढं खरं, की मंगळवारी वर्गात तिचा आवाज पूर्वीसारखा मोठा झाला आणि मला तिला दोनदा गप्प बसवावं लागलं.

चारुबालांनी परवानगी दिली, पण अटी घालून. अटी बाईंनी साहेबांसाठी टाइप केल्या. ती प्रत माझ्याकडे अजून आहे. मी कुठे जाणार नाही, मास्तरांनी इथे यावं. मंच नको, माइक नको. आणि एक अट अशी, की मास्तरांनी येण्याआधी आपापल्या वर्गात पहिलं पान वाचावं, फक्त पहिलं, आणि पोरांनी विचारलेले प्रश्न कागदावर घेऊन यावेत. मास्तरांचे स्वतःचे प्रश्न चालणार नाहीत.

साहेब म्हणाले, "मॅडम, ये तो उल्टा हो गया। ट्रेनिंग से पहले ही क्लास?"

"हव, उलटंच आहे," बाई म्हणाल्या, आणि पुढचं हिंदीत समजावून सांगितलं: सात वर्षं मी मास्तरांना सांगत होते की पोरांपुढे काय ठेवायचं. त्यांच्याकडून काय घ्यायचं, हे मी सांगितलंच नाही. साहेबांना किती कळलं माहीत नाही, पण सही केली. तारीख दोन आठवडे पुढे गेली, कारण अठरा जिल्ह्यांत पहिलं पान पोचायला वेळ लागला. फॅक्स करायला मी बसलो होतो. सरगुजाच्या मशीनने मला फार छळलं.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मानाच्या सामुदायिक भवनात सतरंजी अंथरली. छत्तीसपैकी चौतीस आले. काहींच्या गळ्यात ओळखपत्राचे पट्टे, काही रात्रभर बसमध्ये बसून आलेले. जेवणाआधीचा तास होता, ह्याची मी स्वतः व्यवस्था केली होती, आणि जेवणात पुड्या ठेवू दिल्या नव्हत्या. वनमाला मॅडम मागच्या भिंतीशी जाऊन बसल्या. पुढे काय होणार ह्याचा त्यांच्याकडे काहीही कागद नव्हता. त्यांनी पदराचं टोक बोटाला इतकं गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं.

चारुबाला सतरंजीवर बसल्या, मास्तरांच्या बरोबर, गोलात. "पहला किसका है?" त्यांनी विचारलं.

मग जशपूरच्या एक तरुण मास्तरीण, कुसुम एक्का नावाच्या, त्यांनी वहीतून घडी केलेला कागद काढला. म्हणाल्या, सातवीतल्या एका मुलाचा आहे, प्रश्न जरा असातसाच आहे, वाचू का?

"पढ़ो न।"

"दादी, आपकी माँ गाना गाती थी क्या?"

चारुबालांनी सतरंजीची एक सुरकुती हाताने सरळ केली.

"गाता था," चारुबाला म्हणाल्या. "रोज गाता था, चूल्हे के पास। बहुत खराब गाता था। हंस लोग भाग जाता था।"

चौतीस मास्तरांनी एकमेकांकडे पाहिलं. हसावं की नाही, हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. पहिल्यांदा हसल्या त्या चारुबालाच, तोंडावर हात ठेवून, तेरा वर्षांच्या मुलीसारख्या, आणि मग मागून वनमाला मॅडमचं ते मोठं, भंडाऱ्यापर्यंत ऐकू जाईल असं हसू आलं, आणि मग सगळा हॉल. कोंडागावचे एक वयस्क मास्तर हसता हसता कागद चाचपू लागले, आपल्या वर्गाचा प्रश्न शोधत. आणखी दोघांचे हात वर झाले.

चारुबालांनी पदर सावरला, मांडी बदलून नीट बसल्या आणि म्हणाल्या, "और पूछो।"